भावाचा नवरा म्हणजे आपला कोण?

विषयाचं नाव जरा लांबलचक आहे: क्वीअर चित्रकादंबऱ्या आणि मानलेल्या कुटुंबाच्या गोष्टी. काही जण विषय बघून मुद्दाम आले असतील, काही जण नेहमीच्या सवयीनं. दोघांचंही स्वागत. आम्ही बोलणार आहोत ते वाचक म्हणून, एवढं आधीच सांगून टाकतो. आम्ही म्हणजे नगरमधले सात-आठ जण. महिन्यातून एकदा बसतो. एक पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं असतं, निदान तसं सांगितलेलं तरी असतं, आणि मग भांडण होतं. आज जे मांडतोय ते त्या भांडणांतून शिल्लक राहिलेलं मत आहे. आणि हो, जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलताना तोंडात नगरच येतं. तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात एका हाकेपासून करतो.

जपानमध्ये गेंगोरोह तागामे नावाचे चित्रकार आहेत. त्यांची एक चित्रमालिका २०१४ ते २०१७ या काळात मासिकातून येत होती, नंतर तिची पुस्तकं झाली. मूळ नाव 'ओतोतो नो ओत्तो', म्हणजे धाकट्या भावाचा नवरा. इंग्रजीत ती 'माय ब्रदर्स हजबंड' या नावानं मिळते. याइची नावाचा घटस्फोट झालेला बाप आहे, शाळेत जाणारी त्याची मुलगी काना आहे, घरात दोघंच. याइचीचा जुळा भाऊ रियोजी कॅनडाला गेलेला आणि तिकडेच वारलेला. एके दिवशी दारात एक दाढीवाला, धिप्पाड परदेशी माणूस उभा राहतो. नाव माइक. हा रियोजीचा नवरा. ज्या गावात रियोजी वाढला ते बघायला आलेला. याइचीला काय करावं कळत नाही. कानाला मात्र आनंद होतो, कारण तिला एक नवा काका मिळाला.

आम्ही हे पुस्तक वाचलं त्या बैठकीत पहिला अर्धा तास एकाच गोष्टीवर गेला. कानाचा तो काका, हे ठरलं. पण याइचीचा कोण? मराठीत नात्यांच्या शब्दांची काही कमी नाही. दीर वेगळा, मेहुणा वेगळा, साडू वेगळा. जाऊ, नणंद, विहीण, व्याही, सगळ्यांची सोय आहे. भावाची बायको वहिनी. मग भावाचा नवरा? कुणी म्हणालं, शब्दच नाही. पाथर्डीकडचे आमचे एक सभासद शांतपणे म्हणाले, "बहिणीचा नवरा दाजी, मग भावाचा नवरापण दाजीच की!" सगळे हसले. हसणं थांबल्यावर दुसऱ्या एकीनं विचारलं, "आणि लग्नपत्रिकेत कुठं छापायचं त्या दाजींना?"

त्यावर कुणी बोललं नाही. आजचं सगळं भाषण त्या प्रश्नाभोवती आहे असं समजा.

आता दुसरा शब्द. इंग्रजीत या प्रकाराला 'फाउंड फॅमिली' म्हणतात, म्हणजे सापडलेलं कुटुंब. ज्यांना जन्माच्या घरानं नाकारलं किंवा ज्यांना तिथं श्वास घेता आला नाही, अशी माणसं एकमेकांना सापडतात आणि एकमेकांचं घर होतात. क्वीअर साहित्यात ही गोष्ट पुन्हापुन्हा येते, ती का हे सांगायची गरज नाही. मराठीत आपण याला 'सापडलेलं' म्हणत नाही. आपण म्हणतो मानलेला भाऊ, मानलेली बहीण. आम्हाला मराठी शब्द जास्त खरा वाटतो. सापडणं नशिबावर असतं. मानणं ही कृती आहे, कुणीतरी ती करावी लागते. आणि दुसऱ्यांनीही ती मान्य करावी लागते, नाहीतर मानलेलं नातं दाराबाहेर टिकत नाही.

या भाषेला नाती ताणता येतात, हे आपल्या जिल्ह्यात तरी वेगळं सांगायला नको. नेवाशाला खांबाला टेकून ज्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या तरुण पुरुषाला आपण सातशे वर्षं माउली म्हणतोय. वारीत पोलीसही माउली, चहावालाही माउली. पुरुषाला आई म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. तेव्हा 'आमच्या भाषेत हे बसत नाही' ही सबब आम्ही मान्य करत नाही. भाषेत बसतं. अडतं ते पत्रिकेत.

पण याच शब्दाची दुसरी बाजूही बघा. मानलेला भाऊ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा संशय मिटवायला वापरतात. राखी बांधली की लोक बोलायचे थांबतात. दोन बायका वर्षानुवर्षं एका घरात राहिल्या तर त्या 'मैत्रिणी', फार तर 'बहिणीसारख्या'. म्हणजे मानलेल्या नात्याचा शब्द आसराही देतो आणि झाकूनही टाकतो. मानलेल्या कुटुंबाच्या गोष्टी वाचताना हे दोन्ही लक्षात ठेवावं लागतं.

आता आम्ही ही पुस्तकं मोजतो कशानं? मापटं कुठून आणलं? ऐकून आश्चर्य वाटेल, पण आमचं मापटं 'स्मृतिचित्रे' आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, १९३४ पासून भागाभागांनी आलेलं. राहुरी आणि नगर हेच त्या पुस्तकातलं मोठं जग आहे. त्यात क्वीअर काही नाही, आम्ही ओढूनताणून काढणारही नाही. पण जन्माचं घर, जात, सगे सुटल्यावर माणसं पुन्हा घर कसं उभं करतात, याचं मराठीतलं इतकं प्रामाणिक पुस्तक आम्हाला दुसरं माहीत नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांत, रडत, चिडत. मग नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळं सुटेना. ते एका झटक्यात गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि कसं गेलं ते त्यांनी स्वतःवर हसत लिहिलं. पुढे त्या घरात कोण कोण राहिलं! टिळक कुणालाही घरी घेऊन येत, कनवटीला असेल ते देऊन टाकत, आणि रांधायचं कुणी तर लक्ष्मीबाईंनी. बालकवी ठोंबरे या घरातल्या मुलासारखे राहिले, त्यांचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी काढले. हे सगळं वाचताना कुठंही असं वाटत नाही की बघा, किती गोड कुटुंब सापडलं. वाटतं, केवढं काम होतं हे!

या पुस्तकावरून आम्ही तीन प्रश्न घेतले, आणि मानलेल्या कुटुंबाच्या प्रत्येक गोष्टीला ते विचारतो. पहिला: या घरात काम कोण करतं? भाकरी कोण थापतं, दवाखान्यात रात्री कोण बसतं, भाडं कोण भरतं? दुसरा: ही माणसं एकमेकांना काय म्हणतात, आणि ते म्हणणं घराबाहेर कोण मान्य करतं? तिसरा: मागे सुटलेल्या घराचं काय झालं? ते पुसून टाकलं, की त्याची ठसठस गोष्टीत शिल्लक आहे?

आता लोकप्रिय पुस्तकांपासून सुरू करू. अमेरिकन लेखक टी. जे. क्लून यांची 'द हाउस इन द सेरुलियन सी' ही २०२० ची कादंबरी. चित्रकादंबरी नव्हे, पण मानलेल्या कुटुंबाची गोष्ट म्हटली की आजकाल पहिलं नाव हिचं येतं. लायनस बेकर हा सरकारी कारकून. जादुई मुलांच्या अनाथालयांची तपासणी करून अहवाल लिहायचे, हे त्याचं काम. तो एका बेटावर जातो. तिथं सहा मुलं आहेत, त्यांना सांभाळणारा आर्थर आहे. शेवटी कारकून त्या घरातलाच होतो. पुस्तक वाचताना बरं वाटतं, हे आम्ही नाकारत नाही. आमच्यातल्या दोघांनी तर ते दोनदा वाचलं. पण तिसरा प्रश्न विचारला की गोष्ट डळमळते. ही मुलं कुठून आली? त्यांना आईबापांपासून कुणी तोडलं? ही कल्पना सुचण्यामागे कॅनडात आदिवासी मुलांना घरांतून उचलून नेल्याचा इतिहास होता, असं लेखकानंच सांगितलं आणि त्यावर टीकाही झाली. टीकेत तथ्य आहे. ज्या व्यवस्थेनं मुलं तोडली तिच्यातलाच एक प्रेमळ कारकून बाप झाला की सगळं मिटलं, हे आम्हाला पटत नाही. सापडलेल्या घराच्या उबेत हिरावलेलं घर विसरून जायचं, हा सौदा फार स्वस्त आहे.

याच कारणासाठी आम्ही 'हार्टस्टॉपर'वरही तुटून पडणार होतो. ॲलिस ओसमन यांची ही चित्रमालिका २०१६ मध्ये इंटरनेटवर सुरू झाली, मग पुस्तकं आली, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. चार्ली आणि निक, शाळेतली दोन मुलं, प्रेमात पडतात. भोवती मित्रमैत्रिणींचं टोळकं. चौकटींमध्ये पानं उडतायत, फुलं उडतायत. आमचा आक्षेप तयार होता: आपल्याकडे जामखेडच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या सोळा वर्षांच्या पोरानं हे मोबाइलवर चोरून वाचलं, तर त्याला वाटेल की कुठंतरी असं टोळकं आपली वाट बघतंय. तिथवर जायचं एसटीचं तिकीट आणि पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट कोण देणार?

पण भांडणात आम्ही हरलो, आणि कसे हरलो ते सांगितलं पाहिजे. पुढच्या भागांत चार्लीला खाण्याचा आजार आहे हे उघड होतं. निकला वाटतं, आपल्या प्रेमानं तो बरा होईल. होत नाही. मग मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागते, चार्लीला रुग्णालयात राहावं लागतं. म्हणजे इतक्या हलक्याफुलक्या पुस्तकानंही सांगितलंच की एकटं प्रेम पुरत नाही, काम लागतं आणि मदत लागते. शिवाय आमच्यातल्या सगळ्यात लहान सभासदानं एक वाक्य ऐकवलं: "तुमच्या पिढीला प्रेमकथा वाचताना कुणी विचारलं होतं का, की यात भाडं कोण भरतं?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. हलकी गोष्ट वाचण्याचा हक्क सगळ्यांना आहे. ज्यांच्या वाट्याला फक्त आत्महत्या आणि अपमानाच्या गोष्टी आल्या, त्यांना तर जास्तच आहे. तेव्हा आमचा आक्षेप एवढाच उरला की सगळं कपाट अशाच पुस्तकांनी भरू नये.

आता पुन्हा जपानी दाजींकडे. तागामे यांचं पुस्तक आम्हाला या सगळ्यांत जास्त आवडलं ते दुसऱ्या प्रश्नामुळे. त्यात खलनायक नाही. याइची सभ्य माणूस आहे, आणि पुस्तकाला त्याच्या सभ्यपणाचीच चौकशी करायची आहे. एका चौकटीत तो मनातल्या मनात माइकवर ओरडताना दिसतो, पुढच्या चौकटीत कळतं की प्रत्यक्षात तो काहीच बोललेला नाही. कुणी ओळखीचं भेटलं की माइकची ओळख तो 'भावाचा मित्र' अशी करून देतो, आणि मग ते त्याला स्वतःलाच टोचत राहतं. बघा, एवढंच. कुणी मारलं नाही, हाकललं नाही. एक शब्द बदलला. आपल्याकडच्या किती 'चांगल्या' घरांत नेमकं हेच होतं! माणूस घरात चालतो, जेवायला चालतो, पण त्याला नाव देताना जीभ वळते.

आणि इथंच चित्रकादंबरी हा प्रकार कामाला येतो. अशी गोष्ट चित्रांतूनच का सांगायची, असं आम्हाला विचारतात. आमचं उत्तर असं: जिथं नात्याला शब्द नाही तिथं चित्राला शब्दाची गरज पडत नाही. कोण कुणाशेजारी बसलंय, जेवताना कुणाचं ताट कुठं आहे, दारात उभ्या माणसाला आत घ्यायला किती चौकटी लागल्या, हे सगळं दिसतं. कादंबरीत लेखकाला 'तो' म्हणावं लागतं, 'मित्र' म्हणावं लागतं, काहीतरी नाव द्यावंच लागतं. चित्रात तो माणूस नुसता तिथं असतो. असणं आधी येतं, नाव मागून येतं. माइक पहिल्या दिवशी दारात मावत नाही. पुढे पुढे तो त्याच घरात जेवताना दिसतो आणि आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं. हे मानणं वाचणाऱ्याच्या डोळ्यांत घडतं.

आता आपल्याकडचं पुस्तक. अमृता पाटील यांची 'कारी', २००८ ची. पाटील गोव्यात वाढलेल्या, पुस्तक इंग्रजीत, गोष्ट मुंबईसारख्या धुरकट शहरातली. कारी आणि रूथ, दोन प्रेमिका, उंच इमारतींवरून उड्या टाकतात. रूथ जाळ्यात अडकून वाचते आणि शहर सोडून जाते. कारी गटारात पडते, म्हणून वाचते. इथून पुस्तक सुरू होतं. बहुतेक पानं काळ्या-करड्या शाईची, मधूनच रंग. कारी जाहिरात कंपनीत काम करते, दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. त्या मुलींचे मित्र येतात-जातात. हे कुटुंब आहे का? आहे आणि नाही. एकत्र राहणं आहे, माया आहे, पण कारीचं दुःख त्यांना नीट कळत नाही. त्याऐवजी तिचं खरं नातं जुळतं एंजलशी, कर्करोगानं मरणाऱ्या एका बाईशी. कारी तिच्याजवळ बसते. काही मोठं करत नाही, बसते. आमच्या पहिल्या प्रश्नाला या पुस्तकाचं उत्तर हेच: मानलेल्या माणसाचं काम म्हणजे शेवटपर्यंत बसणं. शेवटी कारी पुन्हा गच्चीच्या कडेला जाते, पण आता कुणासाठी उडी टाकणार नाही हे तिचं ठरलेलं असतं. तिला वाचवायला कुटुंब धावून येत नाही. पण मधल्या पानांत ती दुसऱ्या कुणाजवळ बसली होती, म्हणून ती मागे फिरू शकते, असं आम्ही वाचलं.

'कारी'त मानलेलं कुटुंब अर्धंमुर्धं आहे. मराठीतल्या दोन महत्त्वाच्या कृतींत तर तेवढंही नाही, आणि तो नसण्याचा खड्डा या कृतींनी फार नीट दाखवलाय. पहिली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', १९८१ मध्ये रंगमंचावर आलेलं. त्यातली मित्रा मुलीवर प्रेम करते. हे गुपित ठाऊक असलेला तिचा एकच माणूस, बापू. मानलेलं कुटुंब म्हणावं तर ते एका माणसाचंच. आणि एकट्या माणसाच्या खांद्यावर एवढं ओझं आलं की तो कधीतरी थकतो. बापू पाठ फिरवतो, मित्रा जीव देते. नायिका समलिंगी असली की मरायचीच, ही या नाटकाची खोड आहे असं आमच्यातल्या काहींचं मत. तेही खरं. पण आम्हाला त्यात आणखी एक दिसतं: बापू वाईट नव्हता, तो एकटा होता. मित्राला एक नव्हे, चार बापू हवे होते.

दुसरी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची कादंबरी. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघंही त्याच्याच प्रेमात. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते, तो तिला सोडून नाहीसा होतो, ती परत येते. मग घर तिच्याभोवती गोळा होतं. रागावतं, रडतं, स्थळं बघतं. पण त्याच घरात तनयचंही तेच माणूस गेलंय, आणि त्याच्याजवळ बसायला कुणी नाही. कुणाला माहीतच नाही. त्याला फक्त त्या गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलता येतं, पुस्तकाचा पहिला भाग तसाच लिहिलाय. आम्ही याला साक्षीदार नसलेलं दुःख म्हणतो. अनुजाच्या दुःखाला, निदान बदनामी म्हणून का होईना, घरात जागा आहे. तनयच्या दुःखाला नावही नाही. आणि त्या पाहुण्यालाही कादंबरीभर नाव नाही, हेही त्यात बसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग मराठीत मानलेलं कुटुंब कुठं आहे? आहे, पण ते आत्मकथनात आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे २०१२ चं पुस्तक घ्या. तृतीयपंथी समाजाची गुरू-चेला पद्धत म्हणजे मानलेल्या कुटुंबाची जुनी, पूर्ण बांधलेली व्यवस्था. गुरू, चेला, गुरुभाई, चेल्याचा चेला, सगळ्या नात्यांना शब्द आहेत, घराणी आहेत, रीती आहेत. गुरूचं नाव पुढे चेल्याच्या नावाला लागू शकतं. आणि ही व्यवस्था गोड नाही. तिच्यात उतरंड आहे, चेल्याच्या कमाईत गुरूचा वाटा आहे, भांडणं आहेत, दंड आहेत. म्हणूनच ती आम्हाला कुटुंब वाटते! कुठल्या कुटुंबात उतरंड नसते? लक्ष्मी यांच्या पुस्तकात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे: त्यांचं जन्माचं घर सुटलं नाही. गुरूचं घर आणि आईबापांचं घर, दोन्ही त्यांच्याकडे आहेत, आणि दोन्हींकडची ओढाताणही आहे. इंग्रजी पुस्तकं बऱ्याचदा एका घरातून दुसऱ्या घरात नेतात आणि पहिलं दार लावून टाकतात. आपल्याकडे ते दार लागत नाही. दिवाळी येते, वडील आजारी पडतात, सातबारावर नाव असतं. मराठीत ही गोष्ट लिहायची तर दोन घरांची लिहावी लागेल.

आपल्याच जिल्ह्यातलं एक नाव इथं घेतलं पाहिजे. श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख, तृतीयपंथी कवयित्री, त्यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह. आम्ही त्याबद्दल आज लांबलचक बोलत नाही, कारण कवितेला आमचे तीन प्रश्न लावणं बरोबर नाही. एवढंच सांगतो की ही माणसं दूर कुठल्या जपानी गावात राहत नाहीत. श्रीरामपूरला राहतात, लिहितात, आणि त्यांची पुस्तकं विकत मिळतात.

शेवटाकडे येतो. हे सगळं वाचून करायचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं, की रेशनकार्डापुरतं क्वीअर जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरावं असं राज्यांना कळवलं आहे. आमच्या बैठकीत ही बातमी वाचली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "लग्नाला नाही, पण गव्हा-तांदळाला कुटुंब!" हसू आलं खरं. पण मग लक्षात आलं की आमचा पहिला प्रश्न तोच आहे. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, हे रेशनकार्डाला आपल्या आधी समजतंय.

चुलीचं कळलं. हाकेचं अजून कळायचंय. आमची तक्रार मानलेल्या कुटुंबाच्या गोष्टींवर नाही, त्या स्वस्तात सांगण्यावर आहे. कारण स्वस्तात सांगितलेली गोष्ट आपल्याला, म्हणजे घरात बसलेल्या माणसांना, मोकळं सोडते. 'त्यांना त्यांची माणसं सापडतील' असं म्हणून आपण याइचीसारखे सभ्य राहतो आणि ओळख करून देताना 'मित्र' म्हणतो. चांगलं पुस्तक आपल्याला असं सुटू देत नाही. ते विचारतं, कुणाला कुणी सापडलं ते राहू द्या, तुम्ही कुणाला मानलं?

त्या बैठकीनंतर काही महिन्यांनी आमच्यापैकी एकाच्या घरी लग्न होतं. पत्रिकेचा मजकूर ठरत होता. मामा, मावशा, आत्या, किलबिल, सगळी नावं आली. एका नावावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी ते नाव छापलं गेलं, नात्याचा शब्द न लावता, नुसतं, इतर नावांच्या रांगेत. आम्ही ती पत्रिका बैठकीत आणून सगळ्यांना दाखवली. कुणी म्हणालं, हे अर्धवटच आहे. कुणी म्हणालं, चित्रकादंबरीसारखंच झालं की, माणूस चौकटीत आला, शब्द मागून येईल.

दोन्ही खरं आहे. तो शब्द कधी येतो याची आम्ही वाट बघतोय. तोवर वाचत राहू, भांडत राहू.